नारायणगावच्या राहुट्या
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



नारायणगावास तमाशाची पंढरी म्हणतात, हे आपण जाणताच. हा लौकिक कोणा सरकारी ठरावाने मिळालेला नाही. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाने गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. शिवाय पुणे-नाशिक रस्त्यावरील हे बाजाराचे गाव आसपासच्या तालुक्यांतील यात्राकमिट्यांस सोयीचे पडले. गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालक येथे राहुट्या ठोकतात. गावोगावचे पुढारी येऊन यात्रेची तिथी सांगतात, घासाघीस होते, विसार दिला जातो आणि सुपारी ठरते. नर्तकी, गायक, ढोलकीवाले, सोंगाडे, आचारी, तंबू ठोकणारे, मालमोटारींचे चालक अशा कितीतरी जणांची चूल त्या सुपारीवर पेटते. हंगामापूर्वी मालक कर्ज काढून कलावंतांस उचल देतो. २०२० व २०२१ साली साथीमुळे यात्रा रद्द झाल्या, तेव्हा हंगाम बुडाला. व्याज मात्र थांबले नाही.

विठाबाई नारायणगावकर यांचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. ज्या बाईंचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्या निवर्तल्या. आज राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु म्हातारपणीचे औषधपाणी शालश्रीफळाने होत नाही.

आम्ही उभा जन्म शाळेत घालविला, म्हणून मुलांविषयी बोलणे आम्हांस प्राप्त आहे. दसऱ्यास फड बाहेर पडला, की ही मुले एकतर आजीपाशी राहतात, नाहीतर गाडीबरोबर गावोगाव हिंडतात. हजेरीपटावर नाव असते, बाकावर मूल नसते. रात्री आईच्या लावणीस दाद देणारे सद्गृहस्थ सकाळी त्याच बाईस भाड्याने खोली देण्यास कां कूं करतात. (यांत आपल्या ज्ञातीचे घरमालकही आले, हे येथे बोललेच पाहिजे.)

आमची मंडळास विनंती मोठी नाही. फडाबरोबर फिरणाऱ्यांची दोन मुले दरवर्षी, ज्ञात न विचारता, आपल्या विद्यार्थिगृहात ठेवावी. त्यांचा जेवणखर्च शिक्षणनिधीतून भागवावा. आपल्यापैकी जे यात्राकमिट्यांवर आहेत त्यांनी ठरलेली रक्कम फड गाव सोडण्यापूर्वी पुरी चुकती करावी. पाऊस आला, गर्दी जमली नाही, या सबबी सांगू नयेत. खोल्यांविषयी बोलणी करण्यास आम्ही स्वतः घरोघर येऊ. पाडव्यास अद्याप अवकाश आहे. तेवढ्यात कार्यकारिणीने विद्यार्थिगृहाचा निर्णय कळवावा.