आपली आजी कुठंय?

सप्टेंबर २०१८ मध्ये ‘तुंबाड’ चित्रपटाचा ट्रेलर आला आणि साताऱ्याहून मित्राचा मला सांगलीला फोन आला. आम्ही दोघं नारायण धारपांचे जुने वाचक. वाचनालयातून त्यांचं पुस्तक आणायचं आणि मग रात्री परसात जायला कुणाची तरी सोबत शोधायची, असं आमचं बालपण. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटाला धारपांच्या ‘आजी’ कथेचा आधार आहे हे कळल्यापासून आम्ही वाट पाहत होतो.

पण मित्र रागावला होता. ‘‘पाऊस आहे, वाडा आहे, सोन्याची नाणी आहेत. आपली आजी कुठंय? आणि कोकणातली ही माणसं हिंदी का बोलतायत?’’

हिंदी मलाही खटकलं. आजीबद्दल मात्र मी म्हटलं, ‘‘अरे, ती तरी कुठं फक्त आपली? मुळात ती स्टीफन किंग या अमेरिकी लेखकाच्या १९८४ सालच्या कथेतली. धारपांनी तिला मराठी घरात आणून बसवलं, तेव्हा आपण तक्रार केली नाही. मुकाट्यानं घाबरलो!’’

धारप २००८ साली गेले. हा ट्रेलर त्यांनी पाहिला नाही. पुढं सप्टेंबर २०२४ मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा प्रदर्शित झाला. मित्राचा मुलगा तो पाहून आला आणि विचारू लागला, ‘‘बाबा, धारप कोण?’’ मित्रानं कपाटातलं जुनं पुस्तक काढून त्याच्या हातात ठेवलं.

दोन दिवसांनी पोरगं कुरकुरत आलं, ‘‘पुस्तकातली आजी वेगळीच आहे की!’’