एन्नोरच्या वतीने स्वागत

मुंबई, पुणे आणि तंजावरहून आलेल्या अभ्यासकांनो,

'चित्रपट आणि पाळत' या विषयावरील संमेलनासाठी आपण एन्नोरला आलात, याचा इथल्या आम्हा मूठभर मराठी मंडळींना फार आनंद आहे. स्वागत समितीतर्फे आपले मनःपूर्वक स्वागत.

कोसस्थलैयार नदी आमच्या खाडीतून समुद्राला मिळते. 1806 साली चेन्नईहून निघालेल्या कालव्याचा पहिला टप्पा इथेच येऊन थांबला. 1877-78च्या दुष्काळी कामांनंतर तो बकिंगहॅम कालवा झाला. त्यातून मिठाने भरलेल्या होड्या शहरात जात. अशोक लेलँडच्या गाड्या इथे बनतात, 2001 पासून बंदरही आहे. पण माझ्या जिव्हाळ्याचे म्हणाल तर आमचे औष्णिक वीज केंद्र. 1970 साली सुरू झालेले, 450 मेगावॉटचे हे केंद्र 2017 साली बंद झाले. चेन्नईतील कोडंबाक्कमच्या चित्रपट स्टुडिओंतील दिव्यांना वीज देणाऱ्या जाळ्यात आमचाही वाटा होता. चित्रपटाशी एन्नोरचे हे नाते मी अभिमानाने सांगतो. त्या विजेची राख मात्र खाडीने सोसली.

विषयाचे जाणकार आपण आहात. मी एवढेच सांगेन की 1920 साली मद्रासमध्ये सेन्सॉर मंडळ आले, तेव्हा चित्रपट तपासण्यात पोलिसांचा हात मोठा होता. मुंबईच्या कोहिनूर कंपनीच्या 'भक्त विदुर'मधला विदुर गांधीजींसारखा दिसतो, म्हणून 1921 साली मद्रासमध्ये त्यावर बंदी आली. अलीकडच्या काळात चेन्नई पोलिसांच्या 'तिसरा डोळा' मोहिमेत दुकानदार आणि रहिवाशांनी स्वखर्चाने कॅमेरे बसवले. जी सरकारी नजर पडद्यावर होती, ती आता गल्लीत आली आहे.

पण कॅमेऱ्याची दुसरी बाजूही आम्ही पाहिली. जानेवारी 2017 मध्ये आमच्या किनाऱ्याजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले. माणसे बादल्यांनी ते उपसत असल्याची छायाचित्रे देशभर गेली. त्याच महिन्यात गायक टी. एम. कृष्णा यांचे खाडीकाठी चित्रित केलेले 'पोरंबोके' (म्हणजे सार्वजनिक जमीन) हे गाणे आले आणि एन्नोरची राख लोकांनी पाहिली. कॅमेरा माणसांवर रोखला तर ती पाळत, धुराड्यांवर रोखला तर तो पहारा. आम्हाला तो पहारा हवा आहे.

इथली हवा दमट आहे, मालमोटारींमुळे रस्ता तुंबतो, निवासाच्या खोल्याही अपुऱ्या पडल्या. पाहुण्यांची जी गैरसोय होईल, तिच्याबद्दल समितीच्या वतीने क्षमा मागतो. तांदूळ देणारे व्यापारी, मासळी पाठवणारे कोळीबांधव, सभागृह देणारी शाळा, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या भगिनी, रात्रभर मंडप उभारणारी तरुण मुले आणि नाव न सांगता देणगी देणारे कामगार, या सर्वांचे ऋण आमच्यावर राहील.

उद्या सकाळी खाडीवर जाण्याची सोय केली आहे. सर्वांनी यावे, कॅमेरे बरोबर आणावेत, आणि जे दिसेल ते आपापल्या गावी दाखवावे, ही विनंती.