सातबाऱ्यावर न सापडणारं गाव



गावाची कुंडली मांडायला सातबारा पुरतो, असं आपण मानत आलो. शंभर वर्षांपूर्वीच ते पुरेसं नव्हतं. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर हे गाव बारकाईनं तपासलं आणि 1917 साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. 1771 मध्ये तिथं सरासरी धारणा 40 एकरांची होती, ती 1914-15 मध्ये 7 एकरांवर आली. 156 खातेदारांच्या जमिनीचे 729 तुकडे झाले होते आणि त्यांतले 463 एकराच्याही आतले. 103 कुटुंबांपैकी निव्वळ शेतीवर भागत होतं फक्त 8 जणांचं. बाहेरच्या कमाईची जोड घेऊन आणखी 28 तगली होती. उरलेली 67 तोट्यात. शेतीनं हात टेकले होते. पोटासाठी शहराकडे बघणं तेव्हाच सुरू झालं होतं.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडमधली उंच इमारतींची वस्ती आहे. त्याच वाटेवर वाघोली, मांजरी, सूस, नऱ्हे निघाली आहेत. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली. तिथला सातबारा काढलात तर जुनीच घराणी दिसतील. खरं गाव बघायचं असेल तर जिल्हा परिषदेनं उभारलेल्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडा आणि जन्मस्थानाचा रकाना वाचत जा. जुन्या पानांवर तेच गाव, फार तर शेजारचा तालुका. नव्या पानांवर मराठवाडा, विदर्भ, कर्नाटक, बिहार. जमीनमालकानं खोल्या बांधल्या, भाडं सुरू झालं, त्याची मुलं पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत गेली. सरकारी शाळेच्या पटावर राहिली ती भाडेकरूंची, गवंड्यांची, वाघोलीच्या दगडखाणींवर राबणाऱ्यांची मुलं.

इथंच गाडं अडतं. शिक्षकांची पदं ठरवताना 30 सप्टेंबरचा पट धरतात. बांधकाम मात्र सप्टेंबर पाहून संपत नाही. शेवटचा स्लॅब पडला की बिऱ्हाड पुढच्या साइटवर. पोर एका पटावरून उतरतं आणि दुसऱ्यावर चढेपर्यंत महिने जातात. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. पण सभा भरदुपारी ठेवली तर रोजंदारीवरचा बाप येणार कसा? सभेला आला तर त्याचा खाडा पडतो आणि संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचं हा प्रश्न उभा राहतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मॅनसाहेबांनी एका गावाचं केलं ते या गावांतल्या एकेका शाळेचं व्हावं. मूल कुठून आलं, घर कशावर चालतं, काम संपल्यावर कुठं जाणार, हे घरोघर जाऊन लिहून घ्या. या सभागृहात अर्थशास्त्र शिकलेले आणि शिकवलेले, निवृत्त आणि धडधाकट असे पुष्कळजण बसले आहेत. महिन्यातले दोन रविवार त्यांनी द्यावेत. आणि पालकसभा रविवारीच घ्याव्यात. त्याला अनुदान लागत नाही.