नव्या पाळीचे साहित्य



कामगार साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत. यंत्रमानव आले, आता कामगाराचे आणि त्याच्या कलेचे काय होणार, असे मला सारखे विचारले जाते. माझे उत्तर असे आहे: यंत्र आले म्हणून आपली कामगार कला आटली नाही. कामगारांची एकमेकांशी असलेली सोबत तुटली, तेव्हा ती आटली.

गिरणगाव आठवा. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढे कोकणातून, घाटावरून माणसे येत राहिली, बरीचशी बायकामुले गावी ठेवून. एका गाळ्यात पाळीपाळीने झोपायचे, एका खानावळीत जेवायचे, एका भोंग्यावर उठायचे. त्या दाटीतून भजनी मंडळे उभी राहिली, दशावतार चाळींच्या चौकात आला, तमाशाचे फड लालबाग-परळात रंगले. गिरणीत राबलेल्या अण्णाभाऊ साठ्यांनी अमर शेख आणि गवाणकरांसह 1944 साली लाल बावटा कलापथक उभे केले. नारायण सुर्व्यांना गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढवले. 1966 साली आलेला त्यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा कवितासंग्रह याच वस्तीतला. मामा वरेरकरांनी तर गिरणीवरच्या कादंबरीला ‘धावता धोटा’ हेच नाव दिले.

यंत्राशी तेव्हा गोडीगुलाबी होती, असे मात्र कोणी समजू नये. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, असा मालकांचा आग्रह होता. सूतखात्यातही एका माणसावर दुप्पट काम येणार होते. हात कमी होणार हे उघड होते. याविरुद्धच्या संपाने 1928 साली मुंबईच्या गिरण्या जवळजवळ सहा महिने बंद राहिल्या. आज आपण ज्याला ऑटोमेशन म्हणतो, त्यावरचे भांडण इतके जुने आहे. पण भांडणारी माणसे तेव्हा शेजारी शेजारी राहत होती. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर तो शेजार मोडला. घराघरांत काय उरले, ते जयंत पवारांनी ‘अधांतर’ या नाटकात दाखवले.

यंत्रमागांच्या इचलकरंजीत मोडतोड इतक्या गाजावाजाने झाली नाही. धोट्याच्या मागाला आडव्या सुताच्या कांड्या लागतात. त्या भरते ती कांडीवाली. रेपियर आणि एअरजेट माग आडवे सूत थेट कोन नावाच्या मोठ्या रिळावरून घेतात. तिथे धोटा नाही, त्यामुळे कांडी नाही आणि कांडीवालीही नाही. तिला कामावरून काढल्याची नोटीससुद्धा लागत नाही. तिच्यावर मराठीत जितके लिहायला हवे होते, तितके आपण लिहिलेले नाही. हे मला फार लागते.

कलावंत यंत्राचा वैरी नसतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः बनवला, 1920 साली ‘सैरंध्री’ काढला आणि चित्रपटांची पोस्टरेही हाताने रंगवली. यंत्र त्यांच्या मालकीचे होते. उलट, फ्लेक्सचे यंत्र आले, तेव्हा गावोगावचे पाट्या रंगवणारे पेंटर बसून राहिले. आता चित्रे काढणारी, कविता जुळवणारी संगणकीय यंत्रे आली आहेत. ती असंख्य चित्रकारांच्या आणि कवींच्या कामावर शिकली, आणि बहुतेकांना कोणी विचारलेदेखील नाही. या संमेलनाच्या ठरावात मालकीचा हा प्रश्न आलाच पाहिजे.

चाकणच्या मोटार कारखान्यांत वेल्डिंग यंत्रमानव करतात. डोळे जाळणारे ते काम माणसाच्या मागचे सुटले, याचा मला आनंद आहे. पण त्याच शेडमधला मुलगा कंत्राटी आहे. काही महिन्यांनी ठेकेदार बदलतो, कारखाना बदलतो, खोलीतला सोबतीही बदलतो. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली ही मुले मोबाइलवर कविता लिहितात. त्या ऐकायला चाळीचा चौक नाही, कलापथक नाही. चौक पुन्हा बांधता येणार नाही. ऐकणारी माणसे मात्र आपण जमवू शकतो.

नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यामुळे 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आपले साहित्यिक कार्यक्रमही बहुधा रविवारीच होतात. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कित्येक कारखान्यांना सुट्टी असते ती गुरुवारी. आयोजकांना माझी विनंती आहे: पुढचे संमेलन चाकणला घ्या, गुरुवारी घ्या. इचलकरंजीच्या कांडीवाल्यांना बोलवा, आणि भाषणांच्या आधीचा पहिला तास त्यांना आणि या मुलांना द्या.