सुरतेचा धडा

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगाने हाहाकार उडविला. भयाने लाखो माणसे शहर सोडून गेली. शासकीय इस्पितळातील डॉक्टर व परिचारिका मात्र रुग्णांच्या उशाशी राहिल्या. टेट्रासायक्लिन देणे वैद्याच्या हाती होते. परंतु रोगजंतू ओळखणे प्रयोगशाळेचे, संपर्कातील माणसे शोधणे आरोग्यसेवकाचे आणि साचलेली घाण उपसणे सफाई कामगाराचे काम होते. १९९५ मध्ये आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरविले, तेव्हा शहराचे रूप पालटले. मग विद्यापीठात वैद्यक, परिचर्या व औषधनिर्माण शिकणाऱ्यांनी परस्परांना अनोळखी का राहावे? रोग विद्याशाखा विचारून येत नाही. संकटात जे हात एकत्र यावयाचे, त्यांची ओळख वर्गातच झालेली बरी.