आधी वर्ग ठरवा, मग फी भरा

(पीयूसी आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बऱ्याच जणांना शिक्षक व्हायचंय. चांगली गोष्ट आहे. पण तुमची फी कुठून येणार, हेही मला माहीत आहे. कुणाच्या वडिलांच्या फौंड्रीतल्या पगारातून, कुणाच्या उसाच्या बिलातून, कुणाच्या आईच्या बचत गटाच्या कर्जातून. म्हणून आज मी पैशाबद्दलच बोलणार आहे.

आपल्याकडे सगळे एकच सल्ला देतात, "बीएड करून टाक की, पुढचं पुढं बघू." हा सल्ला सगळ्यात महाग पडतो. कॉलेज निवडायच्या आधी तीन प्रश्नांची उत्तरं हवीत. कुठल्या वर्गाला शिकवायचंय? कुठल्या राज्यात? कुठल्या माध्यमात?

पहिला प्रश्न वर्गाचा. 11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बीएड ही पात्रता चालणार नाही. तिथे डीएलएडच लागतं, ज्याला आपण अजून डीएड म्हणतो. म्हणजे तीन वर्षं पदवी, दोन वर्षं बीएड, पाच वर्षांचा खर्च करूनही लहान मुलांच्या वर्गाचं दार बंदच. उलट डीएलएड बारावीनंतर दोन वर्षांत होतं. पुढं पदवी पूर्ण केलीत, तर राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या नियमाप्रमाणे सहावी ते आठवीसाठीही डीएलएड चालतं. मात्र भरतीत तुमच्या पदवीचे विषय बघतात. गणित शिकवायचं असेल तर पदवीला गणित हवं. नववी-दहावीला शिकवायचं असेल तरच बीएडला पर्याय नाही.

घरची परिस्थिती बेताची असेल आणि लहान मुलांत रमत असाल, तर डीएलएडला कमी समजू नका. "बीएडला मान जास्त" असं लोक म्हणतात. पण मानानं फी भरता येत नाही.

आता प्रवेश. कर्नाटकात डीएलएड आणि बीएडच्या सरकारी कोट्याच्या जागा केंद्रीय प्रवेश कक्षामार्फत, गुणांवर भरतात. त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा नसते. खासगी कॉलेजातही सरकारी कोट्याच्या जागा असतात. त्यामुळे थेट कॉलेजात जाऊन मॅनेजमेंट कोट्याची पावती फाडायच्या आधी या कक्षाचा अर्ज भरा. अर्जाची तारीख चुकली की तीच जागा जास्त पैशाला घ्यावी लागते. मराठा समाज कर्नाटकात 3बी प्रवर्गात येतो. जात आणि उत्पन्नाचे दाखले आधीच काढून ठेवा आणि राज्याच्या एसएसपी पोर्टलवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करा.

आत्ता बारावीत असणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, आयटीईपी. पदवी आणि बीएड एकत्र. पाचाऐवजी चार वर्षं, म्हणजे एका वर्षाची फी, खोलीभाडं, मेस, सगळं वाचलं. त्याची प्रवेश परीक्षा एनसीईटी. ती एनटीए घेते आणि 13 भाषांत असते, त्यात मराठीही आहे, कन्नडही आहे.

सावध कुठे राहायचं तेही सांगतो. "वर्गाला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या" असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. नेहमीच्या बीएडला तासांना 80 टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के हजेरीचा नियम आहे. इग्नूचं दूरस्थ बीएड खरं आहे, पण ते आधीच प्रशिक्षित असलेल्यांसाठी, सरसकट कुठल्याही पदवीधरासाठी नाही. पैसे भरायच्या आधी कॉलेजचं नाव एनसीटीईच्या मान्यता यादीत स्वतः बघा. एजंटच्या मोबाइलवरचा फोटो म्हणजे मान्यता नव्हे.

पदविका हातात आली तरी काम संपत नाही. पहिली ते आठवीसाठी टीईटी हवीच. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही ती लागू केली. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असेल, त्यांना दोन वर्षांत पास व्हायला सांगितलं. त्यामुळे "ओळखीनं लागू, टीईटी नंतर बघू" हे आता विसरा. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी 150 गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कर्नाटकात 3बीवाल्यांनाही 60 टक्के, म्हणजे 90 गुण लागतात. 55 टक्क्यांची सवलत एससी, एसटी, प्रवर्ग एक आणि दिव्यांगांना आहे. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. परीक्षेची फी कॉलेजच्या फीपुढं किरकोळ आहे, आणि तयारीला शाळेची पाठ्यपुस्तकं हाच पाया. लाखभराचा क्लास लावायची गरज नाही.

दुसरा प्रश्न राज्याचा, आणि इथे दोन दारं आहेत. कर्नाटकात शिकवायचं असेल तर केएआरटीईटी. तिथे पहिली भाषा मराठी घेता येते, दुसरी कन्नड किंवा इंग्रजी. महाराष्ट्रात शिकवायचं असेल तर टीईटी किंवा सीटीईटी, त्यावर 200 गुणांची टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी, आणि मग पवित्र पोर्टल. महाराष्ट्रानं दावा केलेल्या 865 गावांतल्या मराठी भाषकांना तिथल्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो. पण विहित नमुन्यातला 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. आपलं गाव यादीत आहे का, हे आजच तपासा. जाहिरात निघाल्यावर दाखल्यासाठी पळापळ करणारे बरेच जण मागे राहतात.

तिसरा प्रश्न माध्यमाचा. इथे मी एक गोष्ट बोलणार आहे, ती काहींना रुचणार नाही. कन्नड शिका. नीट, लिहिता-वाचता येईल इतकी. कर्नाटकच्या सरकारी नोकरीत ती लागतेच. खात्याचं परिपत्रक, बिईओ कार्यालयातला पत्रव्यवहार, सगळं कन्नडमध्ये. ज्याला ते वाचता येतं, तोच मराठी शाळेसाठी खोली, पुस्तकं आणि शिक्षक मागू शकतो. कन्नड आल्यानं मराठी कमी होत नाही. उलट मराठी शाळेची बाजू मांडणारा एक माणूस वाढतो.

राज्यघटनेचं कलम 350अ 1956 च्या सातव्या दुरुस्तीनं आलं. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, म्हणून राज्यांनी सोय करावी असं ते सांगतं. पण कलम काही वर्गात उभं राहून पाढे शिकवत नाही. त्याला माणूस लागतो, आणि तो पात्रताधारक लागतो. मराठी शाळेतलं पद मंजूर असलं आणि पात्र उमेदवारच नसला, तर आपण बोट कुणाकडे दाखवणार?

म्हणून आज घरी गेल्यावर एका कागदावर तीन ओळी लिहा. वर्ग, राज्य, माध्यम. खाली लिहा, त्याला कुठली पदविका लागते, कुठली परीक्षा लागते, कुठले दाखले लागतात. तो कागद आईवडिलांना वाचून दाखवा. त्यांनाही कळू दे, आपला पैसा कुठं चाललाय. मगच फी भरा.

शंका असतील तर आत्ता विचारा, लाजू नका.