वीक नव्हे, कच्चं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आज मी एका शब्दावर बोलणार आहे. आपण एबीसीडी गिरवली ती पाचवीत. पण एक इंग्रजी शब्द त्याआधीच सणसरच्या घराघरांत पोचला होता : 'वीक'. "पोरगं गणितात वीक आहे." दवाखान्यात गेलं की 'वीकनेस', आणि त्यावर सलाईन!

इंग्रजीत हा एकच शब्द सगळीकडे राबतो. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. चहा फिका, नजर अधू, नाडी मंद, मुद्दा लंगडा, भिंत कमकुवत. आणि अभ्यासात? कच्चा.

गंमत म्हणजे 'वीक' म्हणवणाऱ्या गोष्टी तशा नसतातही. 'सिंग'चं 'सँग' होतं, ती क्रियापदं व्याकरणात 'स्ट्राँग'; नुसतं 'ईडी' लावून भूतकाळ होतो, ती 'वीक'. पण नवी क्रियापदं बहुतेक या वीकच्याच रांगेत येतात. 'हेल्प'चं जुनं 'होल्प' गेलं, 'हेल्प्ड' टिकलं. भौतिकशास्त्रातही एक 'वीक' बल आहे. सूर्याच्या गाभ्यात प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो तो त्याच्यामुळे. ते काम अतिशय सावकाश चालतं, म्हणून तर सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षं पुरून उरला आहे. आपला ऊस त्याच्याच उन्हावर वाढतो.

माझ्या सॉफ्टवेअरच्या कामात 'वीक रेफरन्स' असतो. एखाद्या वस्तूला धरून ठेवणारे सगळेच धागे वीक उरले, की संगणक ती वस्तू मेमरीतून काढून टाकू शकतो. तिथं हे सोयीचं असतं. शाळेत मात्र नाही. 'वीक' म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या मुलाचे शाळेशी असलेले धागे असेच सैल होतात, आणि एक दिवस पटावरून नाव गळतं. आपल्या दहावीच्या फोटोत कोण कोण नाही, ते आठवून पाहा. पहिलीला तर ते आपल्याबरोबरच होते.

'कच्चा' या शब्दात पिकण्याची सोय आहे. कैरीला कुणी 'वीक आंबा' म्हणत नाही. अढीत घालून वाट बघतात. खेळातही लहानग्याला आपण 'कच्चं लिंबू' म्हणून घ्यायचो. त्याच्यावर राज्य येत नसे, पण खेळाबाहेर कुणी काढत नसे. पळता पळता तो खेळ शिकायचा.

नव्या इंजिनिअरांच्या मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये 'वीकनेस' असा रकाना असतो. मी तिथं एवढंच लिहिते, की काय कच्चं आहे आणि पिकायला साधारण किती महिने लागतील.

आपल्यापैकी काही जण आज शिक्षक आहेत, बहुतेक सगळे आईबाप आहेत. प्रगतिपुस्तक हातात आलं, की 'वीक' म्हणू नका. कच्चं म्हणा, आणि अढी नीट लावा.